तिसरी शिट्टी

आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे उत्तरेश्वर, वाघोलीतल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या गॅलरीत कधी पाऊल टाकायचे नाहीत. तिथून जुनी दगडखाण दिसते, आता पाण्यानं भरलेली. बिल्डरनं ‘लेक व्ह्यू’ म्हणून जास्तीचे पैसे लावले आणि आम्ही शहाण्यांनी दिले. आप्पांनी एकेकाळी त्याच खाणीत सुरुंग उडवले होते. गॅलरीत वाळत घातलेला स्वतःचा सदरासुद्धा ते मला आणायला सांगायचे. मी सदाशिव पेठेतली, त्यामुळे सदऱ्यासोबत एक टोमणाही आणून द्यायचे.

गेल्या जूनमध्ये माझ्या नवऱ्याला, सुदर्शनला, आइसलंडच्या क्रूझची हुक्की आली. आप्पांनाही सोबत नेलं. एका बंदरावर उतरून आठ जणांच्या गाडीतून दिवसभराची सहल होती. धबधबा झाला, गरम पाण्याचे झरे झाले. शेवटी एका विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं तळं. चारी बाजूंनी काळे कडे आणि तळाशी हिरवं, निपचित पाणी. सुदर्शन फोटो काढायला खाली उतरला. आप्पा वरच थांबले. त्यांचा चेहरा उतरला होता.

निघायची वेळ झाली तशी गाइडबाईनं शिट्टी वाजवली. थोड्या वेळानं पुन्हा एकदा वाजवली आणि खिशात टाकली.

"तिसरी वाजव!" आप्पा ओरडले. "खाली माणूस हाय! तिसरी वाजव!"

बाईला मराठी कुठून कळणार? आप्पा त्या उतारावरून धावत सुटले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, दोनदा पडला. सुदर्शनला गच्च धरून म्हणत राहिले, "शंभू, चल वर. चल वर." सहलीतले लोक बघत होते. सुदर्शन लाजेनं लाल झाला. मला मात्र भीती वाटली, कारण शंभू हे नाव मला माहीत होतं. आमच्याकडे अकरा वर्षं भाकऱ्या करायला येणाऱ्या दीपमालाताईंचा तो नवरा, खाणीत गेलेला.

जहाजावर मी त्यांच्या गुडघ्यांना औषध लावत होते, तेव्हा आप्पा बोलले. सुरुंग उडवण्याआधी तीन शिट्ट्या द्यायच्या असत. त्या दिवशी मुकादम घाई करत होता. आप्पांनी दोनच दिल्या आणि वात पेटवली. शंभू विसरलेली पाण्याची कळशी आणायला खाली गेला होता. चौकशीत आप्पांनी शपथेवर तीन सांगितल्या. शंभूनंच ऐकल्या नाहीत, असं ठरलं.

"तिला सांगू का गं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. सांगणं सोपं असतं, असं मला तेव्हा वाटत होतं.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी आप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि सगळं बोलून मोकळे झाले. दीपमालाताईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"दोनच वाजल्या, भाऊ. मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मी खाणीवरच्या पत्र्याच्या खोलीत हुते. तिसरी वाजली की पोरीचं कान झाकायचं, रोजचंच हुतं. त्या दिवशी हात वर करून बसले, अन् तिसरी आलीच न्हाई."

आप्पांनी विचारलं, "मग सव्वीस वर्सं बोलली का न्हाईस?"

"तुमी कवा बोलताय त्ये बघत हुते."

अकरा वर्षं ही बाई रोज सकाळी येत होती, आप्पांना गरम भाकरी वाढत होती आणि वाट बघत होती.

ताईंनी भाकरी ताटात घातली, वर पिठलं वाढलं आणि ताट मागच्या गॅलरीत नेऊन ठेवलं.

"आजपासून हितं जेवायचं, भाऊ. त्येच्यासमोर."

आप्पा गेले आणि पाण्याकडे तोंड करून बसले. शेवटचा घास संपेपर्यंत दीपमालाताई दारात उभ्या राहिल्या. मग रिकामं ताट घेऊन आत आल्या आणि मला म्हणाल्या, "उद्या येते."