लेकाचा वाफा

त्या ग्रहावर श्वास घेण्याजोगी हवा नव्हती, उघड्यावर पाणी टिकत नव्हतं. माणसांचा चोंबडेपणा मात्र पृथ्वीवरून जसाच्या तसा आला होता. काचेच्या छपराखालच्या त्या वसाहतीत कुणी ताटात काय टाकलं हेसुद्धा सगळ्यांना ठाऊक असे. कुठला मेलेला माणूस कुठल्या वाफ्यात आहे, एवढं मात्र मातीकाकूशिवाय कुणालाच ठाऊक नसे.

तिथे काहीच वाया घालवणं परवडत नव्हतं. माणूस गेला की त्याची खरोखरची माती व्हायची आणि ती भाजीच्या वाफ्यात मिसळली जायची. जेवणाऱ्यांच्या घशाखाली घास उतरावा म्हणून वाफा कोणता ते सांगायचं नाही, असा नियम होता. वाफे सांभाळणाऱ्या आणि जेवणही वाढणाऱ्या मातीकाकूने तो इमानाने पाळला. स्वतःच्या एकुलत्या एका लेकालाही तिने आपल्याच हातांनी मातीत मिसळलं होतं. तेव्हापासून ती आपला डबा वेगळा आणायची. लोक म्हणायचे, काकूचे नखरे.

लेक पाण्याचे नळ दुरुस्त करायचा. लांबवर धुळीचं वादळ घोंघावत होतं आणि नेमका बाहेरचा नळ फुटला. "मुकादमकाका, जाऊ का?" हा लेकाचा प्रश्न आणि "जा, पटकन ये," हे दारावरच्या मुकादमाचं उत्तर, दोन्ही काकूने वाफ्यांच्या खोलीतल्या स्पीकरवर स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. वादळ जवळ आलं, मुकादमाची पाचावर धारण बसली आणि लेक बाहेर असतानाच त्याने दार लावून घेतलं. चौकशीत म्हणाला, "पोरगा न विचारता गेला." आईचं कुणी खरं मानलं नाही.

एवढ्यावर तरी थांबायचं! पण नव्या माणसांना दाराचे नियम शिकवताना हा दर वेळी म्हणायचा, "न विचारता जाल, तर मातीकाकूच्या पोरासारखं होईल." ते ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिने डूख धरला.

एके दुपारी मुकादम बटाट्यांवर आडवा हात मारत होता. "काकू, तुमच्या बटाट्यांना तोड नाही हं!"

"नसणारच," त्याच्यासमोर बसत काकू हळूच म्हणाली. "माझा लेक आहे ना त्यात. तुम्हाला मी रोज त्याच्याच वाफ्यातलं वाढते."

मुकादमाचा घास तोंडातल्या तोंडात फिरू लागला. दुसऱ्या दिवसापासून तो ताटावर बसेना. वसाहतीचं सगळं अन्न काकूच्याच वाफ्यांतलं, मग जाणार कुठे? दुसऱ्याच्या ताटातलं घ्यावं, तर तेही कशावरून त्याच वाफ्यातलं नसेल? तक्रार करावी, तर तिने हे का केलं ते सांगावं लागणार. त्याचे गाल बसले, कपडे अंगावर लोंबू लागले. काकूला ते बघून बरं वाटायचं आणि त्याची तिला जराही लाज वाटत नव्हती.

शेवटी भिंतीला धरत धरत तो वाफ्यांच्या खोलीत आला. "काकू, दुसऱ्या वाफ्यातलं काहीतरी द्या हो. हात जोडतो."

"देते की. आधी सगळ्यांसमोर खरं बोला."

"मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"माझ्या लेकाला कुठे ठेवलीत?"

जेवणाच्या वेळी मुकादम उभा राहिला. "पोराने मला विचारलं होतं. मीच जा म्हणालो. आणि घाबरून दारही मीच लावलं."

चमचे थांबले. कुणी काकूच्या नजरेला नजर देईना. तिने मुकादमापुढे भरलेलं ताट ठेवलं. तो अधाशासारखा तुटून पडला, मग एकदम थबकला. "हे कुठल्या वाफ्यातलं?"

"नेहमीच्याच."

त्याचा हात ताटातच राहिला.

"खा, खा," काकू म्हणाली. "माझ्या लेकाच्या वाफ्यातलं पानसुद्धा तुमच्या ताटात कधी पडलेलं नाही. तुमची लायकी होती होय? तो वाफा माझ्या एकटीचा."

आणि आपला वेगळा डबा उघडून ती जेवायला बसली.