चिमूटभर चकाकी

"मॅडम, म्या मेलोय का जिता हाय?"

स्ट्रेचरवर आडवा पडलेला हिरामण विचारत होता. मी त्याच्या तळहातांना पिवळसर, चिकट लेप लावत होते.

"जिवंत आहेस. मांडीला जखम आहे आणि अंगावर किरणोत्सर्गी धूळ उडाली आहे. तू फक्त कण्हायचं."

"लई कण्हू का बेतानं?"

"बेतानं."

"बेतानं कण्हलं तर डागदर येत नाय, मॅडम."

हिरामण आमच्या हॉस्पिटलचा माळी. गाव पाचोडकडचं, घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. मी त्याला नमुना म्हणून एकदा कण्हून दाखव म्हटलं, तर त्याने पोट फुगलेल्या मेंढीचा असा काही आवाज काढला की शेजारच्या वॉर्डातून दोन नातेवाईक धावत आले. मी लगेच त्याची निवड पक्की केली. नाटकवेड्या बाईला असा नट सापडला की ती सोडत नाही.

मी रेडिएशन सेफ्टी ऑफिसर. समुद्राकाठच्या एका अणुवीज केंद्रात बरीच वर्षं काढली आणि मग माहेरच्या गावी, संभाजीनगरला, या खासगी हॉस्पिटलात आले. अणुवीज केंद्रात ड्रिल हा आमचा सणवार असायचा. खोटा अपघात, खोटा जखमी, खरी धावपळ. इथे आल्यावर मी पहिल्याच मीटिंगमध्ये म्हटलं, आपणही एक मेडिकल ड्रिल करू.

आमचे मेडिकल डायरेक्टर हसले. त्यांना सगळे 'मोठे सर' म्हणतात.

"मॅडम, इथं कुठलं आलंय अणुवीज केंद्र? आपल्या गावात औषधं बनतात, गाड्या बनतात आणि बिअर बनते."

"सर, आपल्याच न्यूक्लियर मेडिसिन विभागाला किरणोत्सर्गी औषधं गाडीने येतात. उद्या गाडी उलटली, डबा फुटला, तर ड्रायव्हर कुठे येणार? आपल्याच दारात."

इथे एक गोष्ट समजून घ्या. आम्ही जिला कॉन्टॅमिनेशन म्हणतो, ती म्हणजे नुसती धूळ. धुळवड खेळून आलेला माणूस घरात शिरला की थोड्या वेळाने फ्रिजच्या हँडलला गुलाबी, उशीला गुलाबी, आजोबांच्या चष्म्यालाही गुलाबी. हीही तशीच पसरते, फक्त ही दिसत नाही. म्हणून असा जखमी आला की आधी त्याचा जीव वाचवायचा. मग कपडे कापून पिशवीत बंद करायचे, अंग धुवायचं आणि ते पाणीसुद्धा वेगळ्या टाकीत सोडायचं. त्याला वेगळं दार, वेगळा शॉवर, वेगळी मोरी असलेली खोली लागते. तिला डीकॉन रूम म्हणतात.

तशी खोली आमच्याकडे होती. कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज साळवे सिस्टरांनी भांडून मिळवलेली. पूर्वी कधीतरी पैठण रोडवरच्या एका कारखान्यातला कामगार अंगावर केमिकल सांडून आला होता. तेव्हा ही खोली नव्हती. सिस्टरांनी त्याला पॅसेजमध्ये बादलीने धुतलं. कामगार वाचला. सिस्टरांच्या हातांची सालटी मात्र कितीतरी दिवस निघत होती, आणि अर्धी कॅज्युअल्टी डोळे चोळत बाहेर पळाली होती. त्यानंतर त्यांनी प्रत्येक मीटिंगमध्ये एकच विषय लावून धरला. खोली मिळाली. वर्षभर रिकामी राहिली. मग मोठ्या सरांची नजर तिच्यावर पडली. त्यांना तिथे एक्झिक्युटिव्ह हेल्थ चेकअप सुरू करायचं होतं. एसी, सोफा, ट्रेडमिल.

"ठीक आहे, करा ड्रिल," सर म्हणाले. "पण चकाकीचा एक ठिपका जरी त्या खोलीबाहेर गेला, तर तिथं ट्रेडमिल येणार."

"आणि नाही गेला तर?" साळवे सिस्टरांनी विचारलं.

"तर खोली तुमची. शब्द."

चकाकी म्हणजे आमची नकली धूळ. खरी किरणोत्सर्गी वस्तू ड्रिलला वापरत नाहीत. मी ग्लिसरीनमध्ये बी-टू जीवनसत्त्व कालवलं होतं. हो, तेच बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीतलं. साध्या उजेडात पातळ लावलं तर कळतही नाही, पण अंधार करून यूव्ही दिवा मारला की हिरवट-पिवळं झगमगतं. औषध कंपन्यांत टाकी नीट धुतली गेली का हे बघायला हीच युक्ती वापरतात. ओलं असलं की जास्त चमकतं, आणि पोटात गेलं तरी काही अपाय नाही. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

ड्रिलच्या सकाळी हिरामणला नटवून ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं. ड्रायव्हर रफीकभाईंनी गाडी इमारतीमागे लिंबाखाली नेऊन उभी केली. मी फोन केला की सायरन वाजवत पुढे यायचं. पण मोठ्या सरांना ट्रस्टींचा फोन आला आणि सगळं अडलं. फोन संपवून सर बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता.

"सर, सुरू करायचं?"

"थांबा. मी आधी ॲम्ब्युलन्स बघून येतो. परीक्षक आहे मी."

ते गेले. बरे रमले तिकडे. परत आले तेव्हा चेहरा एकदम खुलला होता. मला वाटलं, हिरामणचं कण्हणं आवडलं असणार.

सरांनी माईक हातात घेतला. "ड्रिल सुरू!" मी फोन लावला, सायरन वाजला आणि हिरामणची एन्ट्री झाली.

काय सांगू! त्याने हंबरडाच फोडला. "आई गं! माझी मेंढरं कोण सांभाळील गं!" हे माझ्या संहितेत नव्हतं. स्ट्रेचर आत जाताना त्याने दाराचा पडदा धरला, सोडेना. एका नर्सच्या बाहीला झोंबला. शॉवरखाली पाय झाडू लागला. मी दाराच्या गोल काचेतून बघत होते आणि माझा जीव वरखाली होत होता. साळवे सिस्टर मात्र ढिम्म.

"हिरामण, हात खाली. पहिल्यांदा जखम. कात्री. कपडे आतून बाहेर गुंडाळा. बाही माखली, गाऊन बदला. पडदा काढून पिशवीत घाला."

"सिस्टर, पानी लई गार हाय!"

"मेलेला माणूस बोलत नाही."

"म्या जिता हाय! मॅडमनं सांगितलंय!"

एकावर एक दोन हातमोजे, वरचा काढायचा, आतला ठेवायचा. एकेक माणूस दारात उभा राहून तळव्यांपर्यंत तपासून घ्यायचा, मगच बाहेर. सिस्टरांनी कुणाला नाकसुद्धा खाजवू दिलं नाही. शेवटी हिरामण हिरव्या गाऊनमध्ये, धुऊन निघालेल्या भांड्यासारखा बाहेर आला.

आता निकाल. पॅसेजचे दिवे बंद केले, शटर खाली ओढलं, मी यूव्ही दिवा लावला. सगळ्यांचे पांढरे कपडे निळे पेटले. घाबरू नका, ती धुण्याच्या पावडरीची करामत, तिचा आमच्याशी संबंध नाही. मोठ्या सरांचा शर्ट तर इतका निळा पेटला की अंधारात नुसता शर्टच चालत येतोय असं वाटलं.

आतल्या माणसांचे हात स्वच्छ. बूट स्वच्छ. उंबरा स्वच्छ. सिस्टरांनी पहिल्यांदाच श्वास सोडला. मग मी दिवा दाराच्या बाहेरच्या हँडलवर फिरवला.

हिरवट-पिवळे ठिपके. तीन.

मी दिवा पुढे नेला. गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीच्या खांबावर ठिपके. खुर्चीच्या हातावर ठिपके. माईकवर तर जत्राच.

"गेली खोली," साळवे सिस्टर हळूच म्हणाल्या. कात्री मागावी इतक्याच सपाट आवाजात. मला मात्र ते फार लागलं.

पण मला त्या ठिपक्यांचं काही पटेना. आतून निसटलेली धूळ दारापासून पायापायाने पसरते, उंबऱ्यावर दाट, पुढे विरळ. इथे उंबरा कोरा आणि माईक माखलेला. आणि सगळीकडे तीनच बोटं: अंगठा, तर्जनी, मधलं. हाताचा तळवा कुठेच नाही. तीन बोटांनी माणूस काय उचलतो? मी अंधारात उभी राहून स्वतःची तीन बोटं एकमेकांवर घासून बघितली. रांगोळी? मीठ?

तेवढ्यात मोठे सर पुढे आले. विजयी वीर.

"काय मॅडम! काय सिस्टर! मी म्हणालो नव्हतो?" आणि ते अगदी दिव्यासमोर येऊन मनापासून हसले.

त्यांचा खालचा ओठ पेटला.

नुसता ओठ नाही. ओठ, हिरडी आणि दोन दातांच्या मधली फट. ओलं असलं की जास्त चमकतं, सांगितलं होतं ना! तोंडात कुणी काजवा पाळावा तसं ते दृश्य होतं. सरांना काहीच कळेना, ते हसतच राहिले. जितके हसतील तितका उजेड.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही तोंडात काही ठेवलंय का?"

हसू विझलं. सोबत काजवाही.

आता हे सांगायला हवं की गेल्या वर्षी सरांच्या हृदयात स्टेंट बसला, तेव्हापासून हॉस्पिटलभर 'तंबाखूमुक्त परिसर'च्या पाट्या लागल्या आहेत. पाटीवर सरांचाच हसरा फोटो. गेटवर वॉर्डबॉयचे खिसे तपासले जातात.

"हिरामण!" मी हाक मारली. "ॲम्ब्युलन्समध्ये काय झालं?"

"काय न्हाय, मॅडम. बसून बसून कंटाळलो. मांडीच्या पट्टीखाली पुडी व्हती, घेतली मळायला."

"माखलेल्या तळहातावर?"

"मग दुसरा तळहात कुठून आनू? तेवढ्यात सायेब आले. म्हणले, आत गेल्यावर गप पडू नको, पडदे धर, पाय झाड, सिस्टरची परीक्षा हाय. म्या म्हनलं, व्हय. आता समोर मानूस उभा, आन् म्या एकट्यानंच खायची का? इचारलं. सायेब म्हणले, नाय नाय. मंग इकडं तिकडं बघितलं आन् म्हणले, दे जराशी."

"रफीकभाई, तुम्ही कुठे होतात?"

"मैं तो चाय पीने गया था, मॅडम. कसम से."

म्हणजे धूळ खोलीतून निसटलीच नव्हती. ड्रिल सुरू होण्याआधीच ती लिंबाखालून चिमटीत बसून, परीक्षकाच्या ओठात आरामात फिरत होती. अणुवीज केंद्रात आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला नियम: धूळ असेल तिथे काही तोंडात घालायचं नाही. मी आमच्या स्टाफकडून तो घोकून घेतला होता. मोठ्या सरांना कोण घोकायला लावणार?

दिवे लागले. सर घसा खाकरत म्हणाले, "बरं. खोली सिस्टरांची. चला, मला राऊंड आहे."

"सर, थांबा." साळवे सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या. "तुमचे हात माखलेत. तोंड माखलंय. ड्रिल अजून संपलेलं नाही."

"अहो, ते जीवनसत्त्व आहे!"

"आज ते जीवनसत्त्व नाही, सर. आज ती धूळ आहे. आत चला. शर्ट पिशवीत."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तिथे एक पंखा होता, छान होता.

पुढचं आम्ही फक्त ऐकलं. "चूळ भरा. गिळायचं नाही. पुन्हा. जीभ बाहेर. पुन्हा चूळ." मग शॉवरचा आवाज, आणि त्यात मिसळलेली एक आरोळी. हिरामण माझ्या शेजारी उभा होता. त्याने कान टवकारले.

"सायेब आपल्यापेक्षा भारी कण्हतात," तो आदराने म्हणाला.

सर बाहेर आले ते हिरव्या गाऊनमध्ये, पाठीमागची नाडी एका हाताने गच्च धरून. सिस्टरांनी दिवे घालवून ओठ तपासला. कोरा. सरांनी आवाज खाली आणला.

"साळवे, हे घरी…"

"पेशंटची माहिती आम्ही बाहेर देत नाही, सर."

सरांनी त्या खोलीकडे वळून पाहिलं. शॉवर, मोरी, वेगळं दार.

"पाणी फार गार आहे," ते म्हणाले. "गिझर का नाही बसवला?"

"तुम्ही मंजूर केला नाही, सर."

"केला."

आज तिथे गिझर आहे. ट्रेडमिल दुसऱ्या मजल्यावर, सरांच्या केबिनशेजारी आहे आणि तिच्यावर रोज सकाळी सर स्वतः चालतात. हा किस्सा आता तेच पाहुण्यांना रंगवून सांगतात, म्हणून मीही लिहितेय. त्यांच्या सांगण्यात तंबाखूच्या जागी बडीशेप असते, एवढाच फरक.

ड्रिलमध्ये चूक सापडली नाही तर ड्रिल वाया गेलं, असं आमचे जुने वरिष्ठ म्हणायचे. आम्हाला सापडली. आता आमच्या नियमांत भर पडली आहे: जखमी आला की जीव सुरक्षित आहे ना ते बघायचं, आणि मग लगेच तळहात, खिसे, तोंड. परीक्षकाचंसुद्धा.

पुढच्या ड्रिलला जखमी म्हणून मी पुन्हा हिरामणलाच विचारलं. त्याने कुदळ बाजूला ठेवून थोडा विचार केला.

"येतो, मॅडम. पर ह्या टायमाला मेलेलाच करा. मेलेल्या मानसाला कुनी तंबाखू मागत नाय."