जपून ठेवलेली डिस्क

आमच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरला नवी एसएसडी डिस्क आली, तेव्हा मी ओढणीला हात पुसून मगच ती हातात घेतली. काळी, पातळ, पत्त्यांच्या कॅटपेक्षाही हलकी. "एवढ्याशा वस्तूत सगळी लग्नं मावणार?" मी विचारलं. सदर भागातून आलेला दुरुस्तीवाला हसला. "वऱ्हाडासकट मावतात, वहिनी."

जरीपटक्यात ताईंचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे फोटो त्या स्वतः काढतात. नवरीच्या खोलीत बाईमाणूस बरं पडतं, म्हणून त्यांना लांबलांबून बोलावणी येतात. मी देवगडकडची. आठवीनंतर शाळा सुटली, पुढे लग्न झालं, नवऱ्याला हिंगण्याच्या कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही समुद्रापासून इतके लांब आलो. ताईंनी मला झाडूपोछ्याला ठेवलं होतं. एकदा फरशी पुसता पुसता मी पडद्यावरचे फोटो बघत राहिले, तर म्हणाल्या, "उभी काहून वं? बस ना खुर्चीवर." त्या बसण्यातून मी अल्बम लावायला शिकले. इंग्रजी मी अक्षर जुळवत वाचते, घाईत वाचता येत नाही. पण ताईंनी ते कधी चारचौघांत उघडं पाडलं नाही. त्यांच्या या उपकाराचं मला फार वाटतं, आणि तितकीच भीतीही वाटते, की एक दिवस काहीतरी चुकेल आणि खुर्ची जाईल.

दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला, नवी डिस्क स्क्रूने पक्की केली, विंडोज तिच्यावर टाकलं. जुनी हार्डडिस्क काढली नाही. तिच्यावरही एक प्रत राहू दे म्हणाला. म्हणजे कॅमेऱ्याच्या कार्डातले फोटो दोन्हीकडे उतरवायचे, काम नवीवर करायचं, आणि दोन्हीकडे पोचल्याची खात्री झाली की कार्ड रिकामं करायचं. ते कार्ड पुढच्या लग्नाला लागतं. हे उतरवण्याचं काम माझ्याकडे आलं. मग त्याने नवीची तब्येत दाखवणारा एक प्रोग्राम उघडला. हिरव्या चौकटीत शंभर टक्के. "पूर्ण भरू नका, थोडी जागा मोकळी ठेवा. लिहून-पुसून ही झिजते. पण टेन्शन नका घेऊ, आपल्या कामानं झिजायला लय वर्षं लागतात."

त्यातलं "झिजते" एवढंच मी घरी घेऊन गेले.

आमच्याकडे नवी वस्तू वापरायला काढत नाहीत. नव्या चादरी पेटीत, नवी ताटं पाहुण्यांना. वडिलांनी मुंबईहून मागवलेली विजेरी खोक्यातच ठेवलेली होती. रात्री गड्यांना वाट दाखवायला जुनीच, रबर बांधलेली. माणूस चांगला असला तर त्याच्या हातात वस्तू नवी राहते, असं मी ऐकत मोठी झाले. इथे तर वस्तू माझी नव्हती, ताईंची होती. आधी मी एका लग्नाचे फोटो फक्त जुन्या डिस्कवर उतरवले. काम तिथूनच केलं, थोडं हळू झालं, पण झालं. मग तसंच करत गेले.

"टाकले का वं दोन्हीकडे?" ताई विचारायच्या.

"हो ताई."

मला ते खोटं बोलणं वाटतच नव्हतं. मी त्यांची वस्तू वाचवते आहे, कधीतरी त्यांना कळेल आणि बरं वाटेल, असं काहीसं डोक्यात होतं. दुरुस्तीवाला मधे एकदा आला, त्याने ती हिरवी चौकट उघडली. अजून शंभर. ताई समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "पाहा, आमच्या पोट्टीच्या हातात वस्तू कशी राह्यते." त्या दिवशी मी नवऱ्याला शिरा करून वाढला. हे आज लिहिताना मान वर होत नाही.

जुनी डिस्क आवाज करायला लागली होती. खडा उडावा तसा, टक, मग गप्प, मग टक टक. ताईंना ऐकू जाऊ नये म्हणून मी पंखा वाढवला. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं की माझ्याच मनात काहीतरी काळं आहे. नाहीतर पंखा कशाला?

हिंगण्याकडच्या एका मुलीच्या लग्नाचे फोटो ताईंनी काढले होते. एकच मुलगी. वडील कंपनीच्या बसने जाणारे-येणारे, आई शिवणकाम करणारी. अल्बम कधी मिळेल विचारायला ती आई दुकानात आली, तेव्हा मी त्याचंच पहिलं पान लावत होते. पडदा अडकला. टक टक झालं, आणि जुनी डिस्क यादीतून नाहीशी झाली.

"काय झालं बापा?" आई म्हणाली.

"काही नाही, काकू. जुनीनं दम टाकला." ताईंनी माझ्या खांद्यावरून हात घालून माउस घेतला. "म्हणूनच तर नवी बसवली. तिच्यावर आहेत सगळे."

त्यांनी नवी डिस्क उघडली. विंडोज, दोन-तीन प्रोग्राम आणि रिकामी जागा. त्यांनी खाली सरकवलं, वर सरकवलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कोन्त्या फोल्डरात ठेवले?"

मी ओढणीने कीबोर्डवरची धूळ पुसायला लागले.

"बोल ना वं. कुठी ठेवले?"

"त्यावर नाही टाकले, ताई. झिजेल म्हणून."

ताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच स्टुलावर टेकल्या. मुलीची आई मात्र हसत होती, कारण तिला अजून कळलं नव्हतं. "म्हंजे? नवी डिस्क आणली अन् नवी राहावी म्हणून रिकामी ठेवली?" मग तिला कळलं. "अन् माह्या पोरीचे फोटो?"

आधीचे अल्बम देऊन झाले होते, पण हिच्या लग्नाचं कार्ड मी रिकामं करून दिलं होतं आणि त्यावर एव्हाना दुसरी दोन लग्नं निघाली होती.

दुरुस्तीवाल्याने जुनी डिस्क सदरला नेली. काही दिवसांनी हळदीचे आणि सकाळचे थोडे फोटो परत आले. मंगलाष्टकं, सप्तपदी, पाठवणी, काहीच नाही. ताई म्हणाल्या, "आता पाहुण्यांच्या मोबाइलमधले गोळा करा लागतीन. तूच जाशीन. मी तोंड दाखवू शकत नाही तिले, अन् तुले दाखवाच लागते."

मी गेले. नवरा सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवर सोडायचा आणि कोपऱ्यावर थांबायचा. हातात केबल आणि पेनड्राइव्ह घेऊन मी मुलीच्या मावशीकडे, आत्याकडे, शेजाऱ्यांकडे फिरले. माझ्या आधी माझी बातमी पोचलेली असे.

"हेच का वं ते डिस्क जपनारी?" आत्या दारातूनच म्हणाली. "ये, बस. आमच्या घरच्या खुर्च्या वापरून वापरून झिजल्या आहेत, चालन ना?"

घरातले सगळे हसले. मीही हसले. तिने चहा दिला, मोबाइल दिला, वर बजावलं, "माहा फोटो मोठा टाकजो. त्या ताईनं मले स्टेजवर एकदाही उभी नाही केली." एका काकांच्या मोबाइलमध्ये फक्त जेवणाच्या पंगतीचे फोटो होते. तेही घेतले.

असा अल्बम झाला. यावेळी तो नव्या डिस्कवर केला, आणि ताई बाजूला बसून बघत होत्या. फोटो हलके, कुठे अंधारलेले, कुठे कोणाचं बोट आडवं आलेलं. मी ज्या त्या कोपऱ्यात उजेड वाढवत राहिले.

अल्बम द्यायला मीच गेले. आई मशीनवर बसली होती, कापड बाजूला सारून तिने अल्बम मांडीवर घेतला. मुलगी सासरी होती. आई एकेक पान सावकाश उलटत होती. शेवटच्या पानापर्यंत गेली आणि परत मागे आली.

"गाडीत बसताना पोरीनं एकदा मागं पाह्यलं होतं," ती म्हणाली. "तवा ताई समोरच उभी होती कॅमेरा घेऊन. मले आठवते. तो फोटो निघाला होता?"

"निघाला होता."

"तू पाह्यला?"

कार्डातून उतरवताना सगळे फोटो एकदा डोळ्यांखालून जातात. तो गेला होता, आणि मी थांबून बघितलाही होता. तो फोटो आता ताईंच्या आणि माझ्या आठवणीशिवाय कुठे नव्हता, आणि ताईंनी तर त्यानंतर शेकडो काढले होते.

"पाहिला."

"मंग सांग ना. कसा होता?"

मी सांगायला लागले. गाडीचं दार अर्धं उघडं होतं. दाराला झेंडूची माळ होती, खालचं टोक तुटलेलं. मुलीचा एक पाय आत, एक बाहेर. शालू गुडघ्याजवळ मुठीत धरलेला. मुंडावळ्या एका बाजूला सरकल्या होत्या. ती रडत नव्हती. तोंड थोडं उघडं, जसं काहीतरी राहिलं आहे आणि विचारायचं आहे. काजळ फक्त डाव्या डोळ्याचं पसरलेलं.

आई डोळे मिटून ऐकत होती. "हाव," म्हणाली. "अजून?"

मागे नवरदेवाचा फेटा. काचेत मंडपाचे दिवे.

"अन् मी? मी होती त्याच्यात?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. तिला तेच ऐकायचं होतं, आणि पडताळून बघायला काही शिल्लक नव्हतं.

"तुम्ही नव्हता," मी म्हटलं. "म्हणजे चेहरा नव्हता. बाजूने तुमचा हात आला होता, तिच्या खांद्यावर. मनगटापर्यंतच."

तिने डोळे उघडले. दोन्ही हात अल्बमवरून उचलून समोर धरले आणि मला विचारलं, "कोन्ता?"

मी खूप आठवून पाहिलं. झेंडू आठवत होता, काजळ आठवत होतं. हात कोणता, ते काही केल्या आठवेना.

"नाही आठवत, काकू," मी म्हटलं.

ती बराच वेळ तशीच दोन्ही हातांकडे बघत बसली.