बोरीहून परभणीला, कुणीही खाली न उतरता

चारठाण्याची जुनी देवळं बघून जालन्याहून एका दिवसात परत येता येईल का, असं मागच्या लेखाखाली एका ताईंनी विचारलं होतं. येतं. सकाळची जिंतूरची एसटी धरा, मंठ्याला चहा घ्या आणि चारठाण्याला उतरा. उन्हाळ्यात मात्र जाऊ नका, दगड तापतो आणि अनवाणी पाय भाजतात. जेवायला पुढे जिंतूरला जा. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा कुठेही मिळेल. रस्ताही आता चांगला आहे.

मी मात्र पहिल्यांदा त्या रस्त्याने गेले तेव्हा देवळांकडे मान वळवूनही पाहिलं नव्हतं. बसमधून पुढचा रस्ता मोकळा आहे ना, एवढंच बघत होते.

अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा होता. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता आणि मराठवाड्यात गावोगावी बौद्ध वस्त्यांवर हल्ले चालले होते. मी जालन्याला शाळेत शिकवत होते, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझ्या यजमानांची, दानियलची (तोही शाळेत मास्तर होता), मार्थामावशी बोरीच्या पुढे एका वाडीत एकटीच राहायची. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे आमच्या ख्रिस्ती लोकांची आठ-दहा घरं आणि दगडी भिंतींचं, पत्र्याच्या छपराचं एक छोटं चर्च होतं. मावशी त्याची झाडलोट करायची, बायकांना पवित्र शास्त्र वाचून दाखवायची. पंधरा दिवस झाले, तिच्याकडून काही निरोप नव्हता.

"आपण ख्रिस्ती. आपल्याला कोण काय करणार?" असं दानियल म्हणाला खरा, पण हे म्हणताना त्याने तीनदा चष्मा पुसला. आमची आई-आजी कोणत्या वस्तीतून आल्या हे गावांना ठाऊक असतं, हे त्यालाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "तू एकटा जायचं नाहीस." शौर्य नव्हतं त्यात. घरी एकटीने वाट बघणं मला झेपलं नसतं, एवढंच.

बस निम्मी रिकामी होती. चारठाण्यानंतर एका ठिकाणी रस्त्यात बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. कंडक्टर उतरला, बाजूला उभ्या असलेल्या माणसांशी हसून काहीतरी बोलला आणि फांद्या हलल्या. माझ्या शेजारच्या म्हातारीने विचारलं, "कुठं जायलाव, बाई?" मी बोरी म्हटलं. "कामच असंल मंग," असं म्हणून तिने पदर डोक्यावर ओढला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

बोरीला उतरून चिखल तुडवत वाडी गाठली तेव्हा दुपार कलली होती. मावशी धडधाकट होती. चर्चच्या दारात बसून ती लसूण सोलत होती. मला रडूच कोसळलं. मग तिच्या मागे, आत, माणसं दिसली. शेजारच्या गावातून पळून आलेली तीन बौद्ध कुटुंबं बाकांच्या मधे गोधड्या टाकून बसली होती. त्यांची घरं जळाली होती. एका म्हाताऱ्याचा पाय सुजून भोपळ्यासारखा झाला होता. त्याची बायको कौसाबाई त्यावर ओलं फडकं ठेवत होती.

मावशी आणि कौसाबाई एका वयाच्या, एकाच आळीत वाढलेल्या. पण कौसाबाईच्या घरच्यांनी बुद्धाचा धर्म घेतला तेव्हा मावशीला म्हटलं होतं, तूही चल आमच्यासंगं, परक्याचा देव कशाला धरून बसलीस? मावशी गेली नाही. त्यावरून जे तुटलं ते तुटलंच. वीस वर्षं त्या बाजारात समोरासमोर आल्या तरी बोलत नव्हत्या.

आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात काही तरुण पोरं दारात आली. ओरडली नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"मावशी, तुमचं आमचं भांडण न्हाई," त्यांतला उंच होता तो म्हणाला. "तुमी येशूवाले. ह्यांना उद्यापर्यंत काढा भाईर. मंग तुमच्या देवळाला कुनी हात लावनार न्हाई."

"आन न्हाई काढलं तर?"

"ते आता आमीच सांगावं का?"

ते गेल्यावर वाडीतली सगळी ख्रिस्ती माणसं चर्चमध्ये जमली. मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे पंच, येसुदास हे विचारी गृहस्थ. ते म्हणाले, "आपलीबी लेकरं हायत. चर्च आपल्या बापांनी डोक्यावर दगड वाहून बांधलं. ह्यांना भाकरी दिली, निवारा दिला. देवानं अजून काय मागावं?" त्यांचं मला पटलं, हे लिहून टाकते. पोलीस येतील असं लोक म्हणत होते, पण कधी ते कुणाला माहीत नव्हतं.

कौसाबाई कोपऱ्यातून म्हणाली, "आमी जातो. आमच्यापायी तुमचं जळाया नगं."

"ह्या पायानं कुठं नेतीस त्याला?" मावशी म्हणाली. वीस वर्षांत ती तिच्याशी हे पहिलं बोलली असेल. मग येसुदासकडे वळली. "दर रविवारी आपन देवाला म्हनतो, तुला आवडंल तसं चालव. आता त्यानं रस्ता दावला तर आपन म्हनायलो, ह्यो रस्ता नगं, दुसरा दाव."

दानियल पुढे झाला. "इथं ठेवलं तर चर्च जातं, एकट्यांना पाठवलं तर हे जातात. परभणीला शाळेत आसरा मिळतोय म्हणे. आपणच नेऊ. दिवसाउजेडी. सगळे मिळून."

मी त्याच्याकडे रागाने बघितलं. सगळे मिळून म्हणजे मीही.

सकाळी दोन गाड्या काढल्या, पण बैलजोडी एकच होती. तेव्हा महादू नावाचा शेजारचा शेतकरी आपली जोडी घेऊन आला. जातीने मराठा, बोलायला रांगडा. "माझी बैलं हायत, कुठं न्यायची ते मला कोन सांगनार?" एवढंच म्हणून तो दुसऱ्या गाडीच्या जुवाशी गेला. त्याचीच गाडी पुढे ठेवली; तीत मावशी, कौसाबाई, सुजल्या पायाचे आजोबा आणि मी. बाकीचे मागच्या गाडीत आणि पायी. दानियल चाकाशेजारून चालत होता. येसुदासही आले. काठी हातात, तोंड वाकडं, पण आले.

बोरीहून परभणीचा रस्ता आज मोटारीने जाताना लक्षातही येत नाही, इतका सपाट आहे. दोन्हीकडे ज्वारी आणि कापूस. बैलगाडीत मात्र प्रत्येक झाड आधी दिसतं आणि मग कितीतरी वेळ जवळ येत राहतं. प्रत्येक झाडाखाली मला माणसं दिसत होती. बहुतेक ठिकाणी कुणी नव्हतं.

एका ओढ्याच्या पुलाशी मात्र माणसं होती. कालचाच तो उंच पोरगा आणि त्याच्यासोबत बरेच जण. काहींच्या हातात काठ्या. महादूने बैल थांबवले नाहीत, पण बैलच थांबले.

"कोन कोन हाय गाडीत?" एकाने विचारलं. दानियलने नाव सांगितलं, ख्रिस्ती आहे, मास्तर आहे म्हणाला.

"आन आधी कोन?"

दानियलने गाडीत बसलेल्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "आधी जे हे होते, तेच."

पोरगा पुढे आला. "येशूवाले जे असतील ते खाली उतरा. तुमी जा घरी. बाकीच्यांचं आमी बघतो."

मी गाडीच्या कडेलाच बसले होते. एक पाय आधीच बाहेर लोंबत होता. उतरायला कष्ट नव्हते. प्रार्थना आठवेना, नुसतं "प्रभू, प्रभू" होत होतं. मावशीने कौसाबाईचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि समोर बघत राहिली. मी पाय आत घेतला. मागच्या गाडीतून कुणी उतरलं नाही. पायी चालणारे गाडीला आणखी चिकटून उभे राहिले. येसुदाससुद्धा.

कुणीतरी दगड मारला. दानियलच्या कपाळाला लागला, चष्मा फुटला. रक्त बघून मी किंचाळले आणि त्याच वेळी महादू गरजला, "मला बी हान ना! तुझ्या बापाला सांगतो मंग, महादूला कुनी हानलं ते! व्हय बाजूला, बैल तहानलेत!"

उंच पोरगा महादूकडे बघत राहिला. शिवी दिली, आणि सरकला. त्याच्यामागे बाकीचेही सरकले. मला आजही कळत नाही, ते कशाला घाबरले की कशाला लाजले.

परभणीला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. शाळेच्या आवारात आधीच पुष्कळ कुटुंबं होती, चुली पेटल्या होत्या. आजोबांना दवाखान्यात नेलं. दानियलच्या कपाळाला टाके पडले. दुसऱ्या दिवशी एसटी बंद होती म्हणून आम्ही रेल्वेने निघालो. पेडगाव मागे पडल्यावर दानियलला झोप लागली. मी मात्र प्रत्येक स्टेशनवर दचकत राहिले.

आता वाटेल की सगळं नीट झालं. तसं नाही. आम्ही वाटेत असतानाच चर्चला आग लावली होती. बाक, बाजाची पेटी, पवित्र शास्त्राची मोठी प्रत, सगळं गेलं. पुढे कित्येक महिने उपासना कडुनिंबाखाली झाली. मंडळीतली दोन घरं मावशीशी बोलेनाशी झाली. कौसाबाईच्या म्हाताऱ्याचा पाय कापावा लागला, पण तो पुष्कळ वर्षं जगला.

तेव्हापर्यंत देवाला आवडणारं जगणं म्हणजे माझ्या लेखी खोटं न बोलणं, उपास, रविवार न चुकवणं. आणि असं जगलं की मन शांत होतं, असं मी ऐकलं होतं. त्या रस्त्यावर मन क्षणभरही शांत नव्हतं. जालन्याला परतल्यावर कितीतरी दिवस दार वाजलं की मी घाबरायचे. दुसऱ्या वर्षी मावशी आमच्याकडे चार दिवस राहायला आली तेव्हा मी विचारलं, "चर्च तर गेलंच. मग देव आपल्यावर खूश झाला असेल का हो?"

ती भाजी निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "ते त्येलाच इचार, पोरी. मला येवढंच म्हाईत हाय, परवा बोरीच्या बाजारात कौसा भेटली आन लय येळ बोलत बसलो."