झोत सुटला

भंडाऱ्याहून मोहाडीची एसटी निघाली तेव्हा पिशवीत माझीच पत्रकं होती. वडिलांनी आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटली. मी त्यांत तारे आणले. मथळा मीच घातला होता : ‘आकाशातला झोत जन्म थांबवतो’. खाली बारीक अक्षरांत खुलासा. दूरच्या दीर्घिकेच्या पोटात क्वेसार असतो, म्हणजे भुकेलं कृष्णविवर. त्याचा झोत भोवतालचा वायू तापवून उधळून देतो. थंड वायूच उरला नाही की नवे तारे जन्मत नाहीत. आंधळगावात पत्रकं आधीच वाटली गेली होती. आज तिथे माझं व्याख्यान होतं.

मोहाडीत तर्री-पोहे खाऊन ऑटो केला. दोन्हीकडे कापणीला आलेल्या बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं). भर दुपारी एकाही बांधीत माणूस नव्हता.

“कापणी बंद आहे का?”

“आज झोत आहे ना, मॅडम,” ऑटोवाले भाऊ म्हणाले. “तुमच्याच कागदात लिवलं हाये. तारीखबी आजचीच.”

ती तारीख व्याख्यानाची होती.

गावात दारं लावलेली. ओट्यावरच्या पाण्याने भरलेल्या पितळी गुंडांवर तुळशीची पानं, ग्रहणात ठेवतात तशी. भाऊंनी ऑटो एका घरापुढे थांबवला.

“माही बहीण आहे अंदर, निर्मला. दोन जीवाची. सकाळपासून रक्त जाऊन राहिलं, अन् सासू बाहेर निघू देत नाही. तुमीच सांगा.”

निर्मला भिंतीला टेकून बसली होती, ग्रहणात गरोदर बाईला बसवतात तशी, हातपायही न हलवता. ओठ पांढरे पडले होते. तिच्याखालचं पोतं भिजलं होतं. सासू दारात उभी.

“काकू, तो झोत फार दूर आहे. इथे पोचत नाही.”

“दूर तं सूर्यबी आहे. ऊन लागत नाही का तुले?”

“आणि काही झोत वायू दाबून नवे तारे जन्मालाही घालतात.”

“म्हंजे भरवसा नाही त्याचा.”

भाऊ माझ्या कानाशी आले. “फक्त ‘सुटला’ म्हणा, मॅडम. ग्रहण सुटते तसा. मंग जाऊ देईन ते.”

खोटं मी बोलणार नव्हते. निर्मलाची मान कलली. तेव्हा सुचलं : क्वेसारचा उजेड इथवर यायला अब्जावधी वर्षं लागतात. आज दिसणारा झोत कधीचाच विझलेला असणार.

“सुटला,” मी म्हटलं. “कधीचाच सुटला.”

सासूने सुनेच्या डोक्यावर पाणी शिंपडलं आणि दारातून बाजूला झाली. मोहाडीच्या दवाखान्यापर्यंत मी निर्मलाचा हात धरून होते. तो गार होता. सासूही ऑटोत बसली होती.

व्याख्यान राहिलंच; परतीच्या एसटीत भाऊंचा फोन आला. रक्त थांबलं होतं, बाळाचे ठोके ऐकू येत होते. मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. मग फोन सासूने घेतला.

“पोरी, गुणाची आहेस. पुढचा कवा लागन, तेवढं आधी सांगून ठेवजो.”

मी एक शब्द खोटा बोलले नव्हते. तरी ज्या बुवा-ज्योतिषांविरुद्ध वडील पत्रकं वाटत आले, त्यांच्याच पाटावर मला या गावाने बसवलं होतं. दुपारपेक्षा आता जास्त भीती वाटत होती.

“काकू, तो लागत नसतो.”

“असा कसा? सुटला म्हणलं ना तूनं? मंग लागला होताच.”