बाहेर पाहायला शिकवणारे धकाते सर

धकाते सरांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. गौरवग्रंथात हे लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. पण सरांना गुळमुळीत बोललेले खपत नाही, म्हणून लिहितेच.

नागपूरच्या विमान प्रशिक्षण संस्थेत तेव्हा माझे काही खरे नव्हते. एकटीने उडायची परवानगी मिळण्याआधीच्या चाचणीत मी दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा तसेच झाले तर घरी जावे लागेल, असे मला स्पष्ट सांगितले होते. इकडे सावनेरला बाबांनी खाणीतल्या सगळ्या सोबत्यांना ‘पोरगी पायलट होऊन राहिली’ म्हणून सांगून ठेवलेले! शेवटचा उपाय म्हणून मला कॅप्टन पुंडलिकराव धकाते सरांच्या हाती सोपवण्यात आले.

पहिल्याच उड्डाणात सरांनी पिशवीतून पंचा काढला आणि समोरच्या दोन्ही पडद्यांवर खोचला. वेग, उंची, दिशा, सगळे गायब. वेग-उंची दाखवणारे मधले छोटे राखीव यंत्र तेवढे त्यांनी स्वतःच्या नजरेपुरते उघडे ठेवले.

“सर, अशाने मी नापास होईन ना!” मी चक्क ओरडले.

“होऊनच तर राहिली,” सर शांतपणे म्हणाले. “इथं टीव्ही पाहाले आली का वं? बाहेर पाय.”

माझी चूक त्यांनी पाच मिनिटांत ओळखली होती. पडद्यावर उंचीचा आकडा जरा घसरला की मी विमानाचे नाक वर ओढायची, वाढला की खाली दाबायची. त्यामुळे विमान सतत डोलायचे. सरांनी क्षितिज काचेत नेमके कुठे बसते ते दाखवले, इंजिनाचा आवाज ऐकायला लावला आणि दांडी दोन बोटांत धरायला शिकवले. “गच्च काहून धरते? ते का पळून चाललं?” हे तर रोजचेच.

सर मूळचे उमरेडच्या विणकर घरातले. तो पंचाही त्यांच्या वडिलांच्या मागावरचा. मागावर धागा तुटला की वडिलांच्या हाताला आधी कळायचे, असे ते एकदाच बोलून गेले. स्वतःविषयी ते फार बोलत नाहीत.

त्यांच्या रागाचा मी पुष्कळ बोभाटा केला आहे, पण माया त्यांनी लपवूनच केली. चाचणीच्या आठवड्यात त्यांनी मला न सांगता बाबांना फोन केला होता: “पोरगी मेहनती हाय. फक्त तिले रोज रोज विचारू नका.” मला हे वर्षभराने कळले आणि मी रडले.

चाचणी पास झाले आणि मी एकटी उडाले. शेजारी सरांचे वजन नव्हते, त्यामुळे विमान भराभर वर चढले. आकडा पळू लागला तशी जुनी खोड उसळली. मग बाहेर पाहिले, नाक क्षितिजावर बसवले, इंजिन थोडे कमी केले आणि थांबले. उंची आपोआप जागेवर आली. मी एकटीच मोठ्याने हसले. उतरताना मात्र विमानाने एक उडी मारलीच.

“उडी कोणी शिकवली?” म्हणत सरांनी तोंड फिरवून चष्मा पुसला. मग म्हणाले, “उद्यापासून पडदा शिकू. आता तुले त्याचा उपयोग हाय.”

मी आता त्याच संस्थेत शिकवते. सर पंचाहत्तर वर्षांचे झाले आहेत. डॉक्टरांनी त्यांचे उडणे थांबवले असले, तरी हँगरबाहेर खुर्ची टाकून ते रोज बसतात. परवा माझी पहिली विद्यार्थिनी एकटी उडाली, तेव्हा मी त्यांच्या खुर्चीभोवती येरझारा घालत होते. सर म्हणाले, “काहून घाबरून राहिली? तिले येते.” ती सुखरूप उतरली, आणि माझ्या लक्षात आले, मी वर होते त्या दिवशी सरांना असे म्हणणारे शेजारी कोणीच नव्हते.

सर, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. माझ्या अजून खूप पोरी एकट्या उडायच्या आहेत, आणि मला अजून फार भीती वाटते.