पांढऱ्या पायाचा

क्षयाने कुणी गेलं की नगरपालिका त्याची खोली चुन्याने धुऊन काढी. ते काम करणाऱ्याला गावात सगळे 'पांढऱ्या पायाचा' म्हणत. पाय चुन्याने खरोखरच पांढरे असत, पण म्हणणाऱ्यांच्या मनात तेवढंच नसे. तो गल्लीत शिरला की आया मुलांना आत ओढत.

पूर्वी तो घरं रंगवायचा. गिरणीमागच्या कोंदट खोलीत त्याची बायको खोकून खोकून गेली, चोविसाव्या वर्षी. ती खोली धुवायला कुणी धजेना, म्हणून त्यानेच धुतली. मग ते काम त्याच्या गळ्यातच पडलं. गिरणीमागून दर आठवड्याला बोलावणं येई; टेकडीवरच्या हवेशीर घरांतून वर्षाकाठी एखादं. म्हातारे दुसऱ्या कशाने तरी जात. क्षय न्यायचा तो विशी-पंचविशीतल्यांना.

टेकडीवर त्याची धाकटी बहीण राहायची. "दादा, घरात लहान मुलगी आहे रे," म्हणत तिने एकदा दार अर्धंच उघडलं. त्यानंतर तो तिकडे फिरकला नाही.

कितीतरी वर्षांनी टेकडीवरचं एक बोलावणं तिच्याच घरचं निघालं. मुलगी एकोणिसाव्या वर्षी गेली होती.

दारात मेहुणे अडखळले. "जरा मागच्या दाराने याल? शेजारीपाजारी..."

"चुन्याचा वास पुढे जातोच, भावोजी."

आत बहीण रिकाम्या खाटेवर बसली होती. उठेना. तो बादली ठेवून उभा राहिला.

"दादा, तुला भीती नाही वाटत?"

"बायको होती तोवर वाटायची. आता कुणासाठी वाटणार?"

"मी तुला दारातून परत पाठवलं होतं."

"पोर होती तुझी. मीही तेच केलं असतं."

ती उठली आणि दुसरा कुंचा घेतला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "हसायची कशी गं?" भिंत संपेपर्यंत बहीण सांगत राहिली.

शेजाऱ्यांनी तिच्याकडे येणं सोडलं, तसा तो रविवारी जाऊ लागला. तो उठला की मेहुणे खुर्ची पुसत. तो पाहून न पाहिल्यासारखं करी. वर्षभरात मेहुण्यांनी बदली मागून घेतली.

"येशील ना तिकडे?" निघताना बहिणीने विचारलं.

"येईन की."

तो गेला नाही. तिकडे तिला कुणी ओळखत नव्हतं. भाऊ काय करतो, असं कुणी विचारलं असतं तर तिने काय सांगायचं? रविवारी तो खोलीतच बसू लागला. जिन्यात पावलं वाजली की उठून दाराची कडी काढी, आणि पावलं वरच्या मजल्यावर गेली की पुन्हा लावून घेई.